साहेब, सहायक आणि तिसरं कुणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी या गावाला चित्रपट नीट पाहायला शिकवलं. खेळ संपून दिवे लागले की गोष्ट कशी वाटली, नटाने काम कसं केलं, असलं काही ते विचारत नसत. ‘यात कुणाला काय मोजावं लागलं?’ एवढंच विचारत. आज मी ज्या चित्रपटांबद्दल बोलणार आहे त्यांना हा प्रश्न घातला की एरवी नजरेआड राहणारी एक व्यक्ती दिसायला लागते. माझं आजचं बोलणं मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

विषय तुमच्या-माझ्या ओळखीचाच आहे. छळणारा साहेब आणि त्याच्या हाताखाली भरडला जाणारा सहायक. हे नातं कुठल्याही शहरात, कुठल्याही धंद्यात सापडेल. मी मात्र मुख्यतः हॉलिवूडबद्दल बोलणार आहे, कारण तिथल्या लोकांनी या नात्यावर पुन्हा पुन्हा चित्रपट काढले आणि काढणाऱ्यांपैकी काहीजण स्वतः त्या सहायकाच्या खुर्चीत बसून आलेले होते.

जॉर्ज हुआंग हे त्यांतले एक. १९९४ मध्ये त्यांनी ‘स्विमिंग विथ शार्क्स’ लिहिला आणि दिग्दर्शित केला. तो त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. त्याआधी ते कोलंबिया पिक्चर्समध्ये सहायक होते. रॉबर्ट रॉड्रिगेझ हा तरुण दिग्दर्शक तेव्हा आपला ‘एल मारियाची’ घेऊन त्या स्टुडिओत आला होता. दोघांची मैत्री जमली आणि नोकरी सोड, स्वतःचं काहीतरी कर, असा लकडा रॉड्रिगेझने हुआंग यांच्यामागे लावला. त्यांनी ते ऐकलं. पैसा फार थोडा होता, म्हणून चित्रपटाचा बराचसा भाग दोन-चार जागांत घडतो. ऑफिस, साहेबाचं घर, एखादं हॉटेल. ही गरिबी चित्रपटाच्या पथ्यावर पडली आहे. आपणही त्या ऑफिसात कोंडले जातो.

बडी ॲकरमन हा एका स्टुडिओतला बडा अधिकारी. भूमिका केव्हिन स्पेसी यांची. त्याच्याकडे फिल्म स्कूलमधून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण कामाला लागतो, तो फ्रँक व्हेली. जाता जाता आधीचा सहायक त्याला कामाची दीक्षा देतो आणि त्या छोट्या भूमिकेत बेनिसियो डेल टोरो आहे. वर्षभर हा तरुण शिव्या खातो, अंगावर भिरकावलेल्या वस्तू चुकवतो, दुसऱ्याची चूक आपली म्हणून कबूल करतो. मग एका रात्री तो साहेबाच्या घरात शिरतो, त्याला खुर्चीला बांधतो आणि वर्षाचा हिशोब मागायला बसतो. ही एक रात्र आणि मागचं वर्ष यांची वीण म्हणजे हा चित्रपट. छळाची हत्यारं पाहण्यासारखी आहेत. पाकिटाच्या कागदाच्या धारेने तो साहेबाच्या चेहऱ्यावर बारीक चिरे पाडतो आणि त्यात मीठ चोळतो. वर्षभर ज्या स्टेशनरीशी त्याचे हात झगडले तीच त्याने उचलली आहे.

एका प्रसंगापाशी थोडं थांबू या. साहेबाने कॉफीसाठी ‘स्वीट-अँड-लो’ मागवलेलं असतं. अमेरिकेत साखरेऐवजी वापरायच्या पावडरच्या लहान पुड्या मिळतात, त्यातला हा एक ब्रँड, गुलाबी पुडीतला. सहायक ‘इक्वल’ नावाची दुसरी पुडी आणतो. दोन्ही गोडच. पण ऑफिसातल्या सगळ्यांदेखत बडी त्या पोराची उलटतपासणी घेतो. मी काय मागितलं? तू काय आणलंस? आवाज आधी शांत, जवळजवळ प्रेमळ. मग तो हळूहळू चढत जातो आणि शेवटी त्या तरुणाला सांगितलं जातं की या जगात तुझी किंमत शून्य आहे, तुझी मतं शून्य आहेत, तू इथे फक्त माझ्या गरजा पुरवायला आहेस. मी हा प्रसंग विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवला आहे. पहिल्या वेळी वर्गात हसू फुटतं, कारण स्पेसी यांची शब्दफेक अफाट आहे. तोच तुकडा लगेच पुन्हा लावला आणि स्पेसीऐवजी व्हेलीकडे पाहा म्हटलं की वर्ग गप्प होतो. त्याचा हात त्या पुडीकडे जातो आणि मध्येच थांबतो. ती उचलावी की राहू द्यावी, हेसुद्धा आता त्याला कळेनासं झालंय. अपमानाचं काम असं चालतं. माणसाचा स्वतःच्या साध्या निर्णयशक्तीवरचा विश्वास काढून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. पुडी कोणती, याला काही महत्त्व नव्हतं. ‘इक्वल’ मागवली असती तर ‘स्वीट-अँड-लो’ चुकीची ठरली असती.

हॉलिवूडमधल्या सहायकाचं काम नेमकं काय असतं, हे इथे सांगायला हवं, नाहीतर या छळाचं यंत्र समजणार नाही. तिथे सहायक अमक्या साहेबाच्या ‘डेस्क’वर आहे असं म्हणतात. त्या डेस्कवरचं सर्वांत मोठं काम फोनचं. दिवसाला शेकडो फोन येतात-जातात. सहायक माणूस जोडून देतो आणि स्वतः लाइनवरून उतरत नाही. श्वासाचाही आवाज न करता तो ऐकतो, टिपणं घेतो, कुणाला काय पाठवायचं कबूल केलं ते लिहून ठेवतो. म्हणजे ज्याची ऑफिसात सर्वांत कमी किंमत, त्याला सर्वांत जास्त माहिती असते. कुणाचा करार किती पैशांचा, कुणाच्या पाठीमागे काय बोललं जातं, साहेब संध्याकाळी कुठे जाणार आहे, घरी काय सांगायचं आहे. ‘स्विमिंग विथ शार्क्स’मधल्या तरुणाचा कडेलोट होतो तो शिव्यांनी होत नाही. आपण ऐकू नये असं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर पडतं आणि ज्या बढतीच्या आशेवर वर्ष काढलं ती मिळणार नाही, हे त्याला कळतं.

ही पद्धत जुनी आहे. विल्यम मॉरिस या कलावंतांच्या एजन्सीची टपालखोली तर दंतकथाच झाली. तिथे ढकलगाडीवरून टपाल वाटत फिरणाऱ्या पोरांतून पुढे डेव्हिड गेफेन, बॅरी डिलर, मायकेल ओव्हिट्झ यांच्यासारखी हॉलिवूडमधली बडी माणसं निघाली. गेफेन यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. १९६४ मध्ये ही नोकरी मिळवताना त्यांनी पदवी असल्याची थाप मारली होती आणि विद्यापीठाचं खरं पत्र वरिष्ठांच्या हाती पडण्याआधी त्यांनीच ते टपालातून काढून घेतलं. या यशोगाथांनी एक समजूत पक्की केली. तुटपुंज्या पगारावर, अपमान गिळून काही वर्षं काढली की दार उघडतं. न उघडलेल्या दारांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

आपल्याकडेही पडेल ते काम करून वर आलेल्यांच्या कथा आहेत. व्ही. शांताराम १९२० मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले तेव्हा त्यांच्याही वाट्याला हलकीसलकी सगळी कामं आली आणि १९२९ मध्ये प्रभात काढणाऱ्यांत शांतारामांसह दामले, फत्तेलाल, धायबर हे सगळे त्याच कंपनीत तयार झालेले होते. उमेदवारीत कष्ट असतात, बोलणीही खावी लागतात. पण झाडू मारायला लावणं वेगळं आणि तू माणूस नाहीस असं रोज पटवत राहणं वेगळं. पहिल्यातून हाताला काम येतं. दुसऱ्यातून शिकता येते ती एकच गोष्ट, ती म्हणजे उद्या आपल्या हाताखाली कुणी आलं की त्याच्याशी कसं वागायचं.

आणि बडीचं म्हणणं नेमकं हेच आहे. खुर्चीला बांधलेल्या, रक्ताळलेल्या अवस्थेत तो बोलायला लागतो. मीसुद्धा हे सगळं सोसलंय. माझ्यावरही असेच राक्षस होते. मी माझी जागा कमावली, तुम्हा आजकालच्या पोरांना ती आयती हवी आहे. शिवाय त्याच्या पूर्वायुष्यातलं एक भयंकर दुःख आपल्याला कळतं. त्याच्या बायकोचा खून झालेला आहे. इथे पटकथा त्याच्या बाजूला झुकते आणि मला चित्रपट तिथे कमकुवत वाटतो. दुःख भोगलेली असंख्य माणसं क्रूर होत नाहीत. क्रौर्याला दुःखाचं कारण जोडून दिलं की प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो, चला, हा मुळात वाईट नव्हता. बडी वाईट का झाला, यापेक्षा तो असा वागूनही वर्षानुवर्षं बढत्या कशा मिळवत गेला, हा प्रश्न मला मोठा वाटतो आणि चित्रपट त्याला फार हात लावत नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे येऊ. कुणाला काय मोजावं लागलं?

या चित्रपटात डॉन लॉकर्ड नावाची एक निर्माती आहे. मिशेल फोर्ब्स यांनी ही भूमिका केली आहे. ती हुशार आहे, अनुभवी आहे, त्या तरुणावर तिचा जीव आहे आणि एक चांगला चित्रपट स्टुडिओकडून मंजूर करून घेण्यासाठी ती धडपडते आहे. या सगळ्या मंडळींत चित्रपटावर खरं प्रेम असलेली बहुधा तीच. त्या रात्री ती बडीच्या घरी पोचते. तरुणाच्या हातात पिस्तूल असतं. बडी त्याला सांगतो की आता ठरव, तुला खरोखर काय हवंय. गोळीचा आवाज होतो.

पुढच्या दृश्यात तो तरुण नव्या ऑफिसात आहे. बढती मिळालेली आहे. जुन्या सोबत्याला तो बडीनेच दिलेला उपदेश देतो आहे. बडी कॉरिडॉरमधून येतो, चेहऱ्यावर चिऱ्यांच्या खुणा, दोघांची नजरानजर होते, तो आत जातो, तरुणही मागोमाग आत जातो आणि दार लागतं. मेली आहे डॉन. वर सगळा दोषही तिच्यावर ढकलला गेला आहे. साहेबाला घरात डांबून हाल करणारी बाई, असं तिचं नाव राहिलं.

हा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती कलाटणी वाटली. पुढे अनेकदा पाहिल्यावर कळलं की या नात्याची रचनाच अशी आहे. साहेब आणि सहायक यांच्यात कितीही रक्त सांडो, समेट होऊ शकतो, कारण दोघांना एकच गोष्ट हवी असते. त्या समेटाची किंमत द्यायला तिसरं माणूस लागतं. छळ सोसलेला सहायक साहेबाच्या खोलीत शिरतो तो या तिसऱ्या माणसाला ओलांडून. हुआंग यांनी हे दाखवलं, हे त्यांचं मोठेपण. डॉनकडे मात्र त्यांचा कॅमेरा फार वेळ थांबत नाही.

एकदा ही तिसरी व्यक्ती शोधायची सवय लागली की ती इतरत्रही दिसते. ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लॉरेन वाइसबर्गर यांची कादंबरी २००३ ची, त्या ‘व्होग’ मासिकात संपादिका ॲना विंटूर यांच्या सहायक होत्या. चित्रपट २००६ चा. मेरिल स्ट्रीप यांनी साकारलेली संपादिका आपण सगळे कौतुकाने आठवतो. नायजेल आठवतो का? वर्षानुवर्षं निष्ठेने राबलेला तिचा सहकारी. स्वतःची खुर्ची वाचवण्यासाठी ती त्याला कबूल केलेली जागा भर समारंभात दुसरीला देऊन टाकते. नायिका फोन कारंज्यात टाकून निघून जाते, आपण टाळ्या वाजवतो. नायजेल तिथेच उभा असतो. आणि बाहेर पडलेल्या त्या मुलीलाही पुढची नोकरी मिळते ती जुन्या साहेबिणीच्या शिफारशीवर. सुटकेच्या कागदावर सही तिचीच.

बडीचा पुढे विनोद झाला. ‘आंतूराज’ या २००४ ते २०११ या काळातल्या मालिकेत एरी गोल्ड हा शिवराळ एजंट आपला सहायक लॉइड याचा ऊठसूट पाणउतारा करतो आणि प्रेक्षक खदखदून हसतात. त्या भूमिकेसाठी जेरेमी पिव्हन यांना लागोपाठ तीन एमी पुरस्कार मिळाले. अभिनय चांगलाच आहे. पण साहेबाच्या तोंडाळपणाला तेज समजायची, सहायकाच्या सोशिकपणाला गंमत समजायची सवय अशा गोष्टींतून मुरते. मग कुणी तक्रार केली की लोक म्हणतात, अरे, हा धंदाच असा आहे.

धंदाच असा आहे म्हणजे कसा, हे स्कॉट रुडिन यांच्या प्रकरणात दिसलं. ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’, ‘द सोशल नेटवर्क’ यांसारख्या चित्रपटांचे हे निर्माते. २००५ मध्येच ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापलं होतं की पाच वर्षांत त्यांच्याकडे अंदाजे २५० सहायक आले आणि गेले. स्वतः रुडिन यांनी सांगितलेला आकडा ११९. हे उघड छापून आलं आणि काही बिघडलं नाही. तेव्हा तो त्यांच्या कामाच्या झपाट्याचा किस्सा होता. एप्रिल २०२१ मध्ये ‘द हॉलिवूड रिपोर्टर’ने त्यांच्या माजी सहायकांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. २०१२ मध्ये एका सहायकाच्या हातावर त्यांनी संगणकाचा मॉनिटर आपटला, हात रक्ताने भरला, असं त्यात होतं. यानंतर रुडिन यांनी आपल्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला आणि ते कामातून बाजूला झाले. २०२५ मध्ये ते ब्रॉडवेवर परतलेही. मला अस्वस्थ करते ती मधली सोळा वर्षं. आकडा सर्वांना ठाऊक होता.

स्पेसी यांच्याबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर ते टाळल्यासारखं होईल. २०१७ च्या अखेरीस त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्यांची कारकीर्द थांबली. न्यूयॉर्कमधल्या दिवाणी दाव्यात २०२२ मध्ये आणि लंडनच्या फौजदारी खटल्यात २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. यापलीकडे त्यावर निवाडा देणं माझं काम नाही. एवढं नक्की की आज ‘स्विमिंग विथ शार्क्स’ पाहताना प्रेक्षकाच्या मनात ते येतं आणि बडीवर हसणं आता पूर्वीइतकं मोकळं राहिलेलं नाही.

त्याच २०१७ च्या ऑक्टोबरात निर्माते हार्वी वाइनस्टीन यांच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची वृत्तं ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘द न्यू यॉर्कर’ यांनी छापली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की त्या वृत्तांच्या तळाशी सहायकांच्या साक्षी होत्या. भेटीच्या वेळा ठरवणारे, हॉटेलच्या खोल्या आरक्षित करणारे, मुलींना लिफ्टपर्यंत सोडून येणारे. त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितलं की आपल्याला काही दिसत होतं, पण आपण काय पाहतोय हे स्वतःला सांगायची हिंमत होत नव्हती.

या अर्धवट कळण्याचा चित्रपट किटी ग्रीन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेने केला. ‘द असिस्टंट’, २०१९. त्या माहितीपटांतून आलेल्या, म्हणून आधी त्या सहायकांशी बोलत फिरल्या, त्यांच्या दिवसाचे बारीकसारीक तपशील गोळा केले. चित्रपट दीड तासाहून थोडा कमी. एकच दिवस. जूलिया गार्नर यांनी साकारलेली जेन पहाटे अंधारात ऑफिस उघडते आणि रात्री तिथून निघते. साहेब पडद्यावर येतच नाही. भिंतीपलीकडून एक दबका आवाज, फोनमधून एक ओरडा, बस. माझ्या मते हा निर्णय म्हणजे गेल्या तीस वर्षांत या विषयाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे. बडी पडद्यावर असतो तोवर आपण त्याच्याकडेच पाहतो. त्याला काढून टाकल्यावर काम दिसतं.

आणि काय काय दिसतं! ती सोफ्यावरचे डाग पुसते. गालिचावर पडलेलं एक कानातलं उचलून जपून ठेवते. पाण्याच्या बाटल्या रचते. उष्टी भांडी धुते. तरुण नट्यांची छायाचित्रं प्रिंटरमधून काढते. साहेबाच्या बायकोचा रडवेला फोन घेते. यातलं एकही काम गुन्हा नाही. सगळी मिळून मात्र तिच्या हातून एक व्यवस्था चालते आहे आणि हे तिला हळूहळू उमगत जातं.

बायकोच्या फोनवर ती काही चुकीचं बोलली म्हणून साहेबाचा ओरडा येतो आणि माफीचं ईमेल लिहायला बसावं लागतं. तेव्हा शेजारच्या टेबलांवरचे दोघे पुरुष सहायक उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहतात. ते तिला त्रास देत नाहीत. मदत करतात! इथे असं लिही, ही संधी दिल्याबद्दल आभार मान, पुन्हा असं होणार नाही असं घाल. त्यांना मसुदा पाठ आहे. त्यांनीही ही ईमेलं लिहिलेली आहेत. बडीने ओरडून जे केलं असतं ते इथे दोन सौम्य, अनुभवी सोबती कीबोर्डकडे बोट दाखवत करतात. छळाची परंपरा हस्तांतरित होताना मी पडद्यावर इतक्या जवळून दुसरीकडे पाहिलेली नाही.

दुपारी आयडाहोहून आलेली एक कोवळी मुलगी ऑफिसात येते. वेट्रेस होती, आता हीसुद्धा सहायक म्हणून लागली म्हणे. तिची सोय एका महागड्या हॉटेलात केली आहे. जेनच तिला गाडीतून तिथे सोडते. थोड्या वेळाने साहेबही ऑफिसात नसतो. जेन उठते, गळ्यात मफलर गुंडाळते आणि मनुष्यबळ विभागात जाते. मॅथ्यू मॅकफेडिन यांनी केलेला तो अधिकारी आधी अगदी आपुलकीने बोलतो, वहीत लिहून घेतो. मग विचारतो, पण नेमकं काय झालं? तिच्याकडे कानातलं आहे, हॉटेलचं नाव आहे, मुलीचं वय आहे. ‘झालं’ असं म्हणता येईल असं काही नाही. तो वाचून दाखवतो तेव्हा तिची तक्रार तिलाच हास्यास्पद वाटायला लागते. या जागेसाठी शेकडो अर्ज पडून आहेत, हे तो सांगतो. आणि ती दारापाशी पोचल्यावर म्हणतो, तू काळजी करू नकोस, तू त्यांच्या आवडीतली नाहीस.

त्या एका वाक्यात विभागाला सगळं माहीत असल्याची कबुली आहे. ती परत जागेवर येते तोवर बातमी साहेबापर्यंत पोचलेली असते. पुन्हा माफीचं ईमेल, पुन्हा खांद्यामागे ते दोघे. यावेळी साहेबाचं उत्तर येतं. तू चांगली आहेस, तुला मोठं करायचंय म्हणून मी कठोर वागतो, अशा आशयाचं. बडीने जे खुर्चीला बांधलेलं असताना सांगितलं तेच इथे दोन ओळींत आलं. फरक इतकाच की आता आपण ते तिसऱ्या व्यक्तीचा चेहरा पाहिल्यानंतर वाचतो आहोत. आयडाहोची ती मुलगी डॉनच्या जागी आहे. किटी ग्रीन यांनी जेनला नायिका केलं नाही, खलनायिकाही केलं नाही. ती दिवसभर एकाच गोष्टीशी झुंजते. माझ्यावर होणारा अन्याय मी सोसेन, पण माझ्या हातून दुसऱ्या कुणावर होणाऱ्या अन्यायाचं काय करू?

प्रत्यक्षात एका सहायिकेने हा प्रश्न विचारला होता, १९९८ मध्ये. झेल्डा पर्किन्स वाइनस्टीन यांच्या मिरामॅक्स कंपनीच्या लंडन कार्यालयात काम करत होत्या, वय विशीतलं. व्हेनिस महोत्सवात त्यांच्या नव्या सहकारी रोवेना चिऊ यांनी त्यांना सांगितलं की वाइनस्टीन यांनी आपल्यावर बलात्काराचा प्रयत्न केला. वाइनस्टीन यांनी हा आरोप नेहमीच नाकारला आहे. पर्किन्स यांनी त्याच दिवशी वाइनस्टीन यांना तोंडावर जाब विचारला. नोकरी सोडली. दोघी वकिलाकडे गेल्या, कारण त्यांना पोलिसांत आणि न्यायालयात जायचं होतं. वकिलांचा सल्ला पडला की पुरावा नाही, समझोता करा. प्रत्येकीला सव्वा लाख पौंड आणि आयुष्यभराची गुप्तता. करार असा होता की आपण काय सही केली त्याची पूर्ण प्रतसुद्धा जवळ ठेवायची परवानगी नाही. एकोणीस वर्षं पर्किन्स गप्प राहिल्या. २०१७ मध्ये त्यांनी परिणामांची पर्वा न करता तो करार मोडला आणि बोलल्या. मार्च २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. चिऊ २०१९ मध्ये स्वतःच्या नावाने बोलल्या.

पर्किन्स यांच्याबद्दल मला अपार आदर आहे आणि त्याचं कारण नेमकं सांगतो. वाइनस्टीन यांचा त्रास त्या स्वतः रोज सोसत होत्या, परतवतही होत्या. नोकरी त्यांनी सोडली ती दुसरीसाठी. या सगळ्या चित्रपटांत जी गोष्ट घडत नाही ती त्या विशीतल्या मुलीने केली. आणि कायद्याने तिलाच गप्प बसवलं.

कायद्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा अधिनियम २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, हे त्यात आहे. त्याचं मोल मोठं आहे. पण गोडाच्या पुडीवरून भर ऑफिसात एखाद्याला शून्य ठरवणं, रोज ठरवणं, यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळ हा गुन्हा ठरवला. त्याच आधारे डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्स टेलिकॉम कंपनी आणि तिचे माजी प्रमुख दिदिए लोंबार दोषी ठरले. हजारो माणसं नोकरी सोडून जावीत म्हणून कंपनीने मुद्दाम असह्य वातावरण तयार केलं, असा तो खटला होता. न्यायालयाने एखाद्या तापट साहेबाला बाजूला काढून पाहिलं नाही, तर छळाची पद्धत पाहिली. मनुष्यबळ विभागातली ती खोली, तो तयार मसुदा, ते शेकडो अर्ज, यांच्याकडे बोट दाखवायचं तर कायद्याला असंच पाहावं लागेल.

गुप्ततेच्या करारांच्या बाबतीत थोडं काही हललं आहे. पर्किन्स यांनी २०२१ मध्ये कायद्याच्या प्राध्यापक जूली मॅकफार्लेन यांच्याबरोबर त्याविरुद्ध मोहीम उभी केली. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एक कायदा झाला. लैंगिक छळाचा वाद उद्भवण्याआधीच, म्हणजे नोकरीला लागतानाच सही करून घेतलेली गुप्ततेची कलमं त्यामुळे अशा वादांत लागू करता येत नाहीत. वाद झाल्यानंतरचे समझोते त्यात येत नाहीत, म्हणजे पर्किन्स यांचा करार त्यातून सुटलाच असता. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने छळ आणि भेदभावाच्या प्रकरणांत तोंड बंद ठेवायला लावणारे करार निरर्थक ठरवण्याची दुरुस्ती जाहीर केली. त्या वेळी पर्किन्स यांचा करार होऊन जवळपास सत्तावीस वर्षं झाली होती.

संयोजकांना मी विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. पुढच्या महिन्यात हे दोन्ही चित्रपट याच सभागृहात लागोपाठ दाखवले जातील, आधी ‘स्विमिंग विथ शार्क्स’, मग ‘द असिस्टंट’. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी नोकरीला लागलं आहे त्यांनी त्या मुलांना बरोबर आणावं. पहिला चित्रपट पाहताना डॉन लॉकर्ड पडद्यावर केव्हा केव्हा येते आणि तेव्हा कोण तिच्याकडे पाहत असतं, हे तेवढं टिपून ठेवा. खेळानंतर त्यावर सविस्तर बोलू. मी थांबणार आहे.